मांडी न मावणारी खुर्ची

विमानातल्या नव्या, महागड्या खुर्च्या कशा वाटल्या, हे लिहायला हवाईसुंदरीने आम्हाला फॉर्म दिले. शेजारी वाटूर गावचे एक धोतरवाले काका होते. बियाण्यांचा प्लॉट चांगला पिकवला म्हणून जालन्याच्या कंपनीने त्यांना सहलीला नेलं होतं. नाव मी विचारलंच नाही. जेवण येताच त्यांनी वहाणा काढून मांडी घातली. गुडघे खुर्चीच्या हातांत अडकले.

“काका, पाय खाली घ्या ना,” हवाईसुंदरी म्हणाली.

“जेवतानी? बिलकुल न्हाई. खुर्ची तुमची अरुंद, अन् सुधरायचं आम्ही?” मग माझ्याकडे वळले. “लिवा, मांडी मावत न्हाई. तुमी काय लिवलं?”

माझी कंबर केव्हाची अवघडली होती. मी लिहिलं होतं, ‘उत्तम’.

“भेता कुणाला, साहेब?”

मी ‘उत्तम’ खोडलं आणि बूट काढले.