काटेबाईंच्या घरचा काटा

आमच्या मॅडमना बाजारात काटेबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठ वळली की. वजनमापे खात्यात त्या निरीक्षक आणि मी त्यांची मदतनीस, म्हणजे पितळी वजनांची पेटी उचलणारी. अकरा वर्षं आम्ही दोघी दुकानोदुकानी फिरतोय. आम्हाला पाहिलं की दुकानदार आधी खुर्ची पुढे करतो, मग काट्याकडे बोट दाखवतो. "बघा मॅडम, शून्यावर आहे." मॅडम खुर्चीत बसत नाहीत आणि शून्याकडे बघतही नाहीत. मला म्हणतात, "मावशी, लावा." मग मी आधी थोडं वजन ठेवते, मग अर्धं, मग पूर्ण. शून्य तर चोराचंही बरोबर असतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते अशा बाईच्या घरात झालं. आणि तेव्हा मीही तिथेच होते.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्यांना दिवस राहिले आणि सात आठवडे आधीच त्या बाळंत झाल्या. मुलगी. एक किलो सहाशे ग्रॅम. बाप तिला मुंगी म्हणायला लागला. चोवीस दिवस मुंगी हॉस्पिटलात काचेच्या पेटीत आणि मॅडम घरी, दर तीन तासांनी पंप लावून बसलेल्या. पहिल्या दिवशी चमचाभरसुद्धा दूध निघालं नव्हतं. नर्स म्हणाली, थेंबही फेकू नका. मग चमच्याचे दोन चमचे झाले, दोनाची वाटी झाली, आणि पंधरा दिवसांत एका वेळेला नव्वद मिली यायला लागलं. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि वेळ, अक्षर ऑफिसातल्या रजिस्टरसारखं. बर्फाच्या पिशवीत बाटल्या घालून रोज दोन खेपा. अंगावरचे टाके ओले असताना.

"मावशी," एकदा त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर मला म्हणाल्या, "महिने पुरे भरता आले नाहीत. दूध तरी पुरं पाजते."

एवढंच हवं होतं त्यांना. दागिना नको होता, बढती नको होती.

पोरगी घरी आली तेव्हा दोन किलो पन्नास ग्रॅमची होती आणि दोनच दिवसांपूर्वी अंगावर ओढायला शिकली होती. नर्सने बजावलं होतं, आधी छातीशी लावा, मग काढलेलं दूध वरून चमच्याने द्या, रोज वीस-तीस ग्रॅम वाढली की काळजी नाही. सोळाव्या दिवशी दाखवायला आणा.

त्याच संध्याकाळी नणंदबाई तान्ह्या बाळाचा काटा घेऊन आल्या. पांढरं पसरट ताट, खाली गोल तबकडी, काचेमागे लाल काटा. "माझी दोन्ही पोरं याच्यावरच मोजली. आता धष्टपुष्ट झालीत बघ," म्हणाल्या. मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणेन. मॅडमच्या नवऱ्याने कपाटाच्या दारावर कागद चिकटवला आणि रोज सकाळी वजन लिहायला घेतलं. तो बँकेत कारकून, त्याला रकाने आखायची भारी हौस.

तिसऱ्या दिवशी दोन किलो शंभर. पाचव्या दिवशी दोन किलो दीडशे. घरात आनंदीआनंद. सहाव्या दिवशी दीडशे. सातव्या दिवशी दीडशे.

आठव्या दिवशी मी भेटायला गेले. मॅडमचे डोळे खोल गेलेले, केस तीन दिवस न विंचरलेले, गाऊनवर दुधाचे वाळलेले डाग. सासूबाई पंपाचे भाग उकळत्या पाण्यातून काढत होत्या आणि तोंडाने चालूच होतं, "दूध दिसतंय पांढरं, पण त्यात कस नको का? पोरीच्या अंगी काही लागत नाही." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "मावशी, तुम्ही ठेवा बरं तिला काट्यावर." ठेवायच्या आधी मी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "शून्यावर आहे मॅडम. काटा बरोबर आहे."

अकरा वर्षं पेटी वाहून हे शिकले मी.

मग मुंगीला ठेवलं. दीडशे. आणि जिभेला हाड नसल्यासारखी मी पुढे बोललेच, "होतं असं. माझ्या भावजयीचंही दूध पातळ होतं." सासूबाईंना हत्तीचं बळ आलं. मॅडमनी पोरीला उचललं, छातीशी लावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

दहाव्या दिवशीही दीडशेच. नवऱ्याने नाक्यावरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पोरगी न बघताच सांगितलं, डब्याचं दूध सुरू करा, बाटलीने द्या. डबा आला, बाटली आली. पोरगी गटागटा प्यायली आणि सलग चार तास झोपली. सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "उपाशी होतं गं लेकरू," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या खोलीत बोलायला नको होतं. पण ते बोललं गेलं आणि मॅडमच्या वर्मी बसलं. काटा त्याच दिवशी कपाटावर गेला. पोर झोपतेय, मग मोजायचं कशाला?

बाटलीला कष्ट नसतात. चार दिवसांत मुंगी छातीशी लावली की पाठीची कमान करून किंचाळायला लागली. पोरगी ओढेना, तसं दूधही आटायला लागलं. नव्वदचे साठ झाले, साठाचे पंचवीस. सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला जीव जाळतेस?"

सोळाव्या दिवशी हॉस्पिटलच्या काट्यावर मुंगी भरली दोन किलो पाचशे तीस. डॉक्टरीण खूश. नवरा म्हणाला, "डबा मानवला!" सासूबाईंनी तिथूनच लेकीला फोन केला. परतीच्या रिक्षात मॅडमनी मात्र मनात हिशेब केला. सहा दिवसांत तीनशे ऐंशी ग्रॅम. रोजचे साठाच्या वर. एवढंसं पोर असं कधी वाढत नाही. सोळा दिवसांवर पसरलं तर मात्र रोजचे तीस, अगदी नर्स म्हणाली होती तेवढेच.

घरी पोचताच त्यांनी मला फोन केला. "मावशी, पेटी घेऊन या."

मी रजिस्टरात सही करून पेटी घेतली आणि गेले. जेवणाच्या टेबलावर काटा ठेवला होता. लाल काटा शून्यावर, अगदी इमानदार. "लावा," मॅडम म्हणाल्या. एक किलो ठेवलं. बरोबर. दोन किलो. बरोबर. त्यावर दोनशे ग्रॅम ठेवलं आणि काटा दीडशेवर थांबला. आणखी दोनशे ठेवले. दीडशेवरच. काटा कधीतरी वाकला होता आणि त्या जागेला आला की काचेला घासून अडकत होता. मॅडमनी बोटाने काचेवर टिचकी मारली. काटा टणकन उडाला आणि दोन किलो चारशेवर जाऊन उभा राहिला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "म्हणजे? आम्ही काय मुद्दाम केलं का?"

नवरा म्हणाला, "पोरगी चांगली आहे ना आता? मग जाऊ दे ना."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. "ती चांगलीच होती," त्या म्हणाल्या. "माझ्या दुधावर."

त्यानंतर तीन आठवडे त्यांनी काय केलं नाही? दर दोन तासांनी पंप. पोरीला उघड्या छातीवर घेऊन पडून राहायचं. बाटली लपवून ठेवायची, चमच्याने पाजायचं. एकदा दुधाची गाठ धरून अंगात ताप भरला, तरी पंप सुटला नाही. पोरगी तोंड फिरवायची ती फिरवायचीच. शेवटी एक दिवस अर्ध्या तासात दहा मिली आलं. ते मुंगीला चमच्याने पाजून त्यांनी पंप धुतला, पुसला आणि खोक्यात ठेवून दिला. मी समोर होते. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला तरी बरं वाटलं असतं.

तीन महिन्यांनी मॅडम कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मी त्यांची ऑफिसातली पुस्तकं पोचवायला गेले होते, तेवढ्यात नणंदबाई आल्या. त्यांच्या मैत्रिणीची सून बाळंत झाली होती, काटा हवा होता. "टिचकी मारली की चालतो ना? मग झालं," म्हणाल्या.

"थांबा," मॅडम म्हणाल्या आणि आत जाऊन खात्याचं जप्तीचं पुस्तक घेऊन आल्या. नणंदबाईंना वाटलं थट्टा आहे. नवरा म्हणाला, "अगं, घरातल्या माणसांशी असं करतात का?" मॅडमनी कार्बन घातला आणि लिहायला बसल्या. उपकरण : तान्ह्या बाळाचा वजनकाटा. दोष : दोन किलो दीडशेच्या पुढे काटा अडकतो. रिकामा असताना शून्य बरोबर. तपासणाऱ्याचं नाव : त्यांचं स्वतःचं.

पुढचा रकाना वापरणाऱ्याच्या नावाचा. दुकानात तिथे दुकानदाराचं नाव येतं आणि तो हातापाया पडायला लागतो. नणंदबाई ताठ झाल्या, त्यांना वाटलं आपलं नाव येणार. मॅडमनी त्याही रकान्यात स्वतःचंच नाव लिहिलं, त्याच सरळ अक्षरात, आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"मावशी, साक्षीदाराची सही करा."

मी पेन हातात घेतलं. आतल्या खोलीत मुंगी उठून रडायला लागली होती आणि सासूबाई बाटली हलवत तिच्याकडे निघाल्या होत्या. मॅडम जागच्या उठल्या नाहीत. मी साक्षीदाराच्या रकान्यात सही केली. वरच्या, वापरणाऱ्याच्या रकान्यात करायला हवी होती, पण तेवढी हिंमत मला झाली नाही.