मळी आली

नानासोला शिव्या घालणारी लय हायत. मी बी त्यातलाच. फक्त माज्या शिव्या त्येच्या एकट्यापाशी थांबत न्हाईत, लांब पुण्यापातूर जात्यात. गिरणीला आज लाईट न्हाई, बसा, सांगतो.

नानासो माज्या वर्गातला. सतरा वर्षं फौजेत सिग्नलला काढली आन् हवालदार हून परत आला. वाळव्याच्या खाली, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. फौज सुटली तरी पहाटं उठून नदीवर जायची खोड काय सुटली न्हाई. पाणी ओंजळीत घ्यायचं, वास घ्यायचा, आन् नासल्यागत वाटलं की खालच्या गावाला फोन लावायचा. तिथं नळाला पाणी सोडायची मोटर त्येच्या दाजीच्या, भाऊसोच्या हातात. थोरली भैन रंगूबाई त्या घरात दिलेली. "दाजी, आज मोटर सोडू नका." बास, एवढंच. भाऊसो मोटर बंद ठेवायचा आन् गाव त्या दिवशी हिरीचं पाणी प्यायचं. आठ वर्षं हे असंच चाललं. त्यापायी कोण आजारी पडलं न्हाई का कुणी त्येला शाबासकी दिली न्हाई.

मग प्रकल्प आला. पुण्याच्या एका संस्थेला कुठल्याशा कंपनीनं नदी वाचवायला पैसा दिला. अट एकच, काम डिजिटल पायजे. नदीत पिवळा डबा सोडला. वर सोलरची पाटी, आत सिमकार्ड. पाणी बिघडलं की डबा आपणहून खालच्या गावाला मेसेज धाडणार म्हणं. फेटं बांधलं, नारळ फोडलं, भाषणं झाली. नानासोला जलप्रहरी केला, टोपी दिली, मोबाईल दिला.

मी म्हणलं, "हवालदार, आता डब्याला सलाम ठोकायचा व्हय रं?"

त्यो हसला न्हाई. "गड्या, माज्या नाकावर कोण इस्वास ठेवतंय? डब्यानं सांगितलं तर सरकार बी ऐकंल." खोटं कशाला बोलू, मला बी त्ये पटलं व्हतं.

दुसऱ्या पावसाळ्यात डब्यात गाळ बसला, जलपर्णी गुतली. डबा मुका. त्यो साफ करायला, दुरुस्त करायला पैसाच मंजूर न्हवता. नवा घ्यायला मिळणार व्हता, खरं त्यो पुढच्या टप्प्यात. काय ह्यांची अक्कल! तवर नानासोनं मोबाईलच्या ॲपवर बोलून नोंद करायची, आन् पुण्याचा कॉम्प्युटर ती वाचून ज्येला त्येला मेसेज धाडणार, असं ठरलं.

संस्थेच्या सांगलीच्या ऑफिसात ज्ञानदा मॅडम म्हणून पोरगी. गुणी, तिला नावं ठेवणार न्हाई मी. ती म्हणाली, "नानासाहेब, एक विनंती आहे. आता थेट फोन करू नका. फोन अहवालात धरता येत नाहीत. ॲपवरचे इशारे मोजूनच पुढचा निधी ठरतो." पडला फौजेतला माणूस. हुकूम म्हंजी हुकूम! त्या दिवसापासनं दाजीला फोन बंद. दाजीला बी सांगून ठिवलं, मेसेज आला तरच मोटर थांबवा.

आता आमच्यात मळी दोन हायत. नदीकाठची गाळाची जमीन ती एक मळी. पाणी उतरलं की ती उघडी पडती, तिच्यातली वांगी लय चवीची. आन् कारखान्यातनं सुटणारं काळं, घाण वासाचं पाणी ती दुसरी मळी. बारकं पोरगं बी ह्यात कवा चुकत न्हाई. बोलणाऱ्याचं तोंड बघितलं की कळतंय कुठली ती.

गेल्या चैतात नदी पार तळाला गेलेली. नानासो पहाटं काठावर गेला तर पाणी काळं, वर फेस, मासं तोंड वर काढून तडफडत्यात. वरनं कुणी सोडलं त्ये आजवर कोण कबूल करत न्हाई. त्येनं मोबाईल तोंडाशी धरला. सिग्नलवाला, कमी शब्दांत बोलायची सवय. म्हणला, "मळी आली. घाटापातूर आली." अक्षरं बरोबर उमटली, पोचल्याची खूण आली. नानासो घरी येऊन च्या प्याला.

पुण्याच्या कॉम्प्युटरनं काय करावं? नदी उतरली, काठची जमीन उघडी पडली, असा अर्थ लावला. नोंद जमिनीच्या खात्यात टाकली आन् 'कारवाईची गरज नाही' म्हणून मिटवली बी. खालच्या गावाला मेसेज गेलाच न्हाई.

भाऊसोनं मोबाईल बघितला. काय न्हाई. पाण्याला वास व्हता, खरं मेसेज न्हाई म्हंजी गाळाचा वास असंल म्हणला आन् मोटर सोडली. त्या गावात चाळीस घरांत जुलाब-उलट्या लागल्या. बाकीची उठून बसली. रंगूबाईला साखरेचा आजार, अंगात ताकद न्हवती. तिसऱ्या दिवशी सांगलीच्या दवाखान्यात तिनं जीव सोडला.

रक्षाविसर्जनाला मी नानासोच्या संगं व्हतो. आदल्या दिवशीच ज्ञानदा मॅडमनं ती नोंद हुडकून काढून त्येला सांगितलं व्हतं. सांगताना पोरगी रडत व्हती. माणसं पांगली तसा भाऊसो नानासोच्या म्होरं येऊन बसला. आवाज चढवला न्हाई, काय न्हाई.

"नानासो, तू पाणी बघितलंतंस न्हवं?"

"व्हय, दाजी."

"मग मला फोन का केला न्हाईस?"

मला वाटलं, आता कॉम्प्युटरवर ढकलंल, मळीचा घोटाळा सांगंल. सांग की मुडद्या, म्हणून मी त्येला कोपरानं ढोसलं बी. पर अंग झटकायचं त्येला कवा जमलंच न्हाई.

"फोन मोजत न्हवतं, दाजी."

भाऊसो म्हणला, "तुजी भैन मोजली का रं कुणी?"

मी सांगतो, न्हाई मोजली. त्या महिन्याचा अहवाल मी माज्या डोळ्यांनी वाचलाय. नोंद एक, निकाली एक. पुढच्या टप्प्याचा पैसा मंजूर झाला.