कॉम्प्युटर फोडणारी पोर

पायात चप्पल घालू दिली नाही.

कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता. आत चप्पल चालायची नाही, आम्ही ऑपरेटर मुली दाराबाहेर काढून ठेवायचो. त्या दुपारी पोलीस आले. इनचार्ज साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. हवालदारानं मला खुर्चीतनं उठवलं. दाराशी आल्यावर मी चपलेसाठी वाकले, तर म्हणाला, "चल. लग्नाला न्हाय चाललीस."

तशीच निघाले. ऑफिसपासून गेटपर्यंत. गळीत हंगाम जोरात होता. आवारात उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, वजनकाट्याला लागलेली रांग. खाली खडी, उसाची चिपाडं. गाडीवान, तोडकरी, शिपाई, सगळे थांबून बघत होते. त्यात आमच्या कोऱ्हाळ्याची माणसं होती. एकानं विचारलं, "काय केलं वो हिनं?"

इनचार्ज साहेब मागून चालत होते. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मेंढरामागं फिरणारी जात. दुसऱ्याच्या रानात शिरायची सवयच असते यांना. आता कॉम्प्युटरमध्ये शिरली."

लोक हसले. सगळे नाही. पण हसले.

ते हसणं अजून मला एका जागी बसू देत नाही. भाकरी थापता थापता उठते. कुणी बोलत असलं तरी उठते. दारापर्यंत जाते, परत येते. आई म्हणते, "भोवरा झालाय तुझा." व्हय. झालाय.

काय झालं होतं ते सांगते.

मी बारामतीत कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि कारखान्यात लागले. उसाच्या नोंदी भरायचं काम. कुणी कधी लागण केली, कुठल्या गटात, उसाची कुठली जात. त्या लागणीच्या तारखेवर तोडणीचा नंबर ठरायचा. ज्याचा ऊस आधी लावलेला, त्याला तोडणी आधी. उशीर झाला की उसाला तुरे येतात, वजन घटतं. सगळ्या सभासदांचा जीव त्या नंबरात अडकलेला.

खोलीत आम्ही दोघी होतो, मी आणि शालन. प्रत्येकीला आपापला पासवर्ड. आमच्यावर इनचार्ज साहेब, एका संचालकाचे भाचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोघींचे पासवर्ड मागून घेतले. "तुम्ही रजेवर गेलात तर काम अडायला नको." आम्ही दिले. साहेब मागताहेत, नाही कोण म्हणणार?

त्या हंगामात कोऱ्हाळ्याकडचे शेतकरी चिडून आले. त्यांचा आधी लावलेला ऊस उभा, आणि मागून लावलेला काही जणांचा तोडून गेलेला. ते काही जण म्हणजे त्या संचालकांचे पाहुणे. कॉम्प्युटरात बघितलं तर त्यांच्या लागणीच्या तारखा मागं सरकवलेल्या. बदल माझ्या नावानं झालेले. लोक ऑफिसात शिरले, टेबलं उलथली. कारखान्याला कुणीतरी द्यायला पाहिजे होतं त्यांच्या हातात. मला दिलं.

आमचा स्वतःचा ऊस तेव्हा रानात उभा होता. तुरे आलेला. तारखा बदलायला मी शिरले असते तर आधी बापाच्या उसाची तारीख बदलली नसती का? हे मी ठाण्यात फौजदाराला सांगितलं.

तो म्हणाला, "मग पाहुण्यांकडून काहीतरी घेतलं असशील."

ठाण्यात मला भिंतीकडच्या बाकावर बसवलं. समोर इनचार्ज साहेबांना खुर्ची, चहा. फौजदाराला ही तक्रार कळेना. कॉम्प्युटरचा वेगळा कायदा तेव्हा नव्हताच.

"चोरलं काय हिनं?" त्यानं विचारलं.

"तारखा," इनचार्ज साहेब म्हणाले.

"कुठं हायत त्या तारखा?"

"आहेत तिथंच. पण बदलल्यात. परवानगी नसताना आत शिरून बदलल्या."

"कुलूप तोडलं?"

"पासवर्डनं शिरली."

"कुणाच्या पासवर्डनं?"

"तिच्याच."

फौजदारानं पेन खाली ठेवलं. थोडा वेळ माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, कळलं याला. मग त्यानं पेन उचललं आणि विचारलं, "मामासाहेब काय म्हणतायत?" साहेब म्हणाले, "गुन्हा दाखल करा म्हणतायत." झालं. फसवणूक, बनावट नोंदी, विश्वासघात. बसतील तेवढी कलमं लावली.

पुरावा म्हणून त्यांनी कॉम्प्युटर जप्त केला होता. म्हणजे मॉनिटर, टीव्हीसारखा दिसणारा तेवढाच. पोत्यात बांधून आणला. सगळं जिच्यात असतं ती खालची पेटी कारखान्यातच राहिली. कुठला बदल कधी झाला ते तिच्यात सापडलं असतं. मी म्हणाले, "साहेब, पेटी पण आणा." तर फौजदार म्हणाला, "तू आमाला शिकवू नगो." पुढच्या आठवड्यात इनचार्ज साहेबांनी ती पेटी पुसून नवी करून घेतली. बिघडली होती म्हणे.

त्या बाकावर बसले असताना मला आमची मेंढरं आठवली.

आम्ही धनगर. मी लहान असताना माझ्या बापाकडं, आबांकडं, कळप होता. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणाच्या अंगाला जायचो, पाऊस लागायच्या आत परत. परत आलो की इकडचे बागायतदार स्वतः चालत यायचे. "मेंढरं बसवा आमच्या रानात." लेंडीखत पाहिजे असायचं. गोड बोलायचे, वर ज्वारी द्यायचे. पेरणी झाली की तेच लोक, बांधावर एक मेंढरू दिसलं तरी आबांना आईवरून शिव्या द्यायचे, कळप कोंडवाड्यात घालायचे. आबा हात जोडायचे. मी आबांच्या घोंगडीमागं उभी असायचे. मला वाटायचं, चूक आपलीच असणार.

मग पाटाचं पाणी फिरलं, माळ मोडून ऊस झाला, चारायला जागा उरली नाही. आबांनी कळप विकून आमच्या तुकड्यात ऊस लावला. सभासद झाले. मला शिकवलं. वाटलं, संपलं ते.

त्या बाकावर कळलं, काही संपलं नाही. कारखान्यानंही मला रानात बसवलंच होतं. काम पाहिजे होतं तोवर ये, बस. अंगावर आलं की शिरली. बोलावून आणणारे तेच, शिरली म्हणणारे तेच. आबा हात जोडायचे तेव्हाही चूक आमची नव्हती. एवढी साधी गोष्ट कळायला मला पोलिसांचा बाक लागला.

दिवस मावळायच्या आत चुलत्यानं जामीन भरला. घरी आले.

गावात झालं होतं, पोरीनं कॉम्प्युटर फोडला. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कशानं फोडलास गं? वरवंट्यानं?" तिला खरंच तसं वाटत होतं. ती बरी. बाकीचे काही विचारत नव्हते, नुसते गप्प व्हायचे मी आले की. माझं लग्न ठरत आलं होतं, मुलगा वालचंदनगरला कंपनीत. त्याची आई घरी आली. चहा घेतला नाही. आईला म्हणाली, "ठाण्यात एकटीच हुती का कुणी बाई हुती संगं?" त्यांनी पुढं निरोपच पाठवला नाही.

मग एक दिवस संचालकांनी आबांना बंगल्यावर बोलावलं. मीही गेले. व्हरांड्यात संचालक झोपाळ्यावर, इनचार्ज साहेब खुर्चीवर. आबा जिन्याच्या पायरीवर बसले. बसा कुणी म्हणालं नव्हतं. मी उभी राहिले.

संचालक शांतपणे बोलले. आवाज चढवला नाही. "हे बघा आबा, पोरगी अडाणीपणात चुकली. तिनं चूक झाली म्हणून कबूल करावं, आमी केस मागं घेतो. शिपायाच्या जागेवर घेऊ परत. आमाला काय तिचं वाटोळं करायचं न्हाय."

आबांनी लगेच हात जोडले. "उपकार झालं मालक. करंल ती कबूल."

"मी नाही करणार," मी म्हणाले.

इनचार्ज साहेब म्हणाले, "मग जेलात जा."

"जाईन. पण मी बदललं नाही ते बदललं म्हणणार नाही. तुम्ही माझा पासवर्ड घेतला होता. तुम्ही बदललं."

झोपाळा थांबला. संचालक भाच्याकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "आबा, घेऊन जा हिला."

घरी आल्यावर आबा आईला म्हणाले, "शिकवली ती चूक झाली." आणि मग बरेच दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. आमचा ऊस शेवटपर्यंत तोडला नाही. कारखान्याची टोळी आमच्या बांधापर्यंत यायची आणि शेजाऱ्याच्या रानात वळायची. उन्हात वाळला.

केस बारामतीच्या कोर्टात चालली. तारखांवर तारखा. एसटीनं जायचं, बाहेर झाडाखाली उभं राहायचं, पुकारा झाला की आत जायचं, पुढची तारीख घेऊन परत. माझी वकीलबाई इंदापूरची. चुलत्याच्या ओळखीनं मिळाली. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. मला फक्त सांग, तुझ्या पासवर्डनं आणखी कोण आत जाऊ शकत होतं."

शालन सरकारी साक्षीदार होती. नोकरीवर होती, तिच्यावर घर चालत होतं. साक्षीला उभी राहिली तेव्हा माझ्याकडं बघेना. वकीलबाईनं विचारलं, "तुमचे दोघींचे पासवर्ड इनचार्जकडं होते का?"

शालनची नजर मागच्या बाकाकडं गेली.

"होते का?"

मागं इनचार्ज साहेब बसले होते. शालननं पदर घट्ट धरला. "व्हय," म्हणाली. एवढंच. त्या महिन्यात तिला कामावरून कमी केलं. नंतर मी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "खोटं बोलायचं ठरवून गेले होते. तोंडातनं आलंच न्हाय."

आणि आबा. आमच्या बाजूनं साक्ष द्यायला आबा स्वतः तयार झाले. का ते सांगितलं नाही. पिंजऱ्यात उभे राहिले, पटका नीट बांधून. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमचा ऊस कधी गेला?"

"गेला न्हाय साहेब. वाळला. शेवटी जनावरास्नी घातला."

न्यायाधीशांनी ते तसंच लिहून घेतलं.

मी सुटले. निकालात लिहिलं, संशयाचा फायदा. गावात पेढे वाटा म्हणाले लोक. मला पेढे गोड लागेनात. संशयाचा फायदा? संशय त्यांनी घेतला, फायदा मला दिला म्हणे. हिनं केलं नाही, असं एक वाक्य त्या निकालात नाही. ज्यानं केलं त्याचं नाव त्यात साक्षीदार म्हणून आहे. पुसलेल्या पेटीचा कुणी जाब विचारला नाही.

आठवड्यानं कारखान्याचा निरोप आला. कामावर या. गोडाऊनला. कॉम्प्युटरच्या खोलीत मात्र जायचं नाही.

आबा म्हणाले, "जा. झालं गेलं."

मी गेले नाही. एसटी धरली आणि वकीलबाईकडं गेले. म्हणाले, खोटी फिर्याद केली, पुरावा नष्ट केला, बदनामी केली. माझ्याकडून केस घाला. इनचार्जवर आणि संचालकांवर.

बाईनं चष्मा काढला. "वर्षं जातील. ते मोठे लोक आहेत. हाती काय लागेल सांगता येत नाही. लग्न व्हायचंय तुझं."

"लिहा," मी म्हणाले.

समन्स गेलं तशी घरी माणसं यायला लागली. गावातलीच, पोक्त, गोड बोलणारी. मिटवून टाक म्हणतात. पोरीच्या जातीनं किती ताणायचं म्हणतात. काल सरपंच येऊन गेले. ते गेल्यावर आबांनी मला विचारलं, पहिल्यांदाच, मोठ्या माणसाला विचारतात तसं, "त्यांनी माफी मागितली तर?"

"मागू दे, आबा. कोर्टात, न्यायाधीशासमोर, मोठ्यानं मागू दे."

"आन् मग?"

"मग बी केस मागं घेणार न्हाय."