दाखवून झिजलेली बंदूक

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. मी खामगावच्या कचेरीत कारकून होतो आणि दरसाल परवान्याच्या बंदुका तपासायचं काम माझ्याकडे होतं. पिंपळगाव राजाकडचा एक शेतकरी आपली स्वस्तातली, मधोमध उघडणारी एकनळी जुन्या धोतरात गुंडाळून आणी. नळी आतून आरशासारखी लख्ख, पण बिजागरी इतकी ढिली की तांब्याच्या तारेनं आवळलेली.

"बार न उडवता बिजागरी कशी झिजली?" बंदूक उघडत-मिटत मी दरडावलं. "परवाना रद्द होईल!"

"बार कोन उडवते, साहेब?" तो तारेकडे मायेनं बघत म्हणाला. "पन जो पाहुणा येते, तो उघडून पाह्यते. थोरलीले पाहाले आले, त्यायनं पोरगी एक डाव पाह्यली अन् बंदूक चार डाव!"

हसू दाबून मी 'चालू स्थितीत' असा शेरा मारला. बंदूक मात्र अजून माझ्याच हातात होती. खट्‌ उघडली, खट्‌ मिटली.

त्यानं हळूच हात पुढे केला.

"द्या आता, साहेब. धाकटीची सोयरीक व्हायची हाये अजून."