अर्ध्या टाकीचा उतार

मेक्सिको सिटीत इस्तापालापाच्या टेकड्यांवर पाण्याचा टँकर चालवण्यात नाबोर शोलाल्पाची बावीस वर्षं गेली. चढताना टाकी भरलेली, उतरताना रिकामी, हा त्याचा नेम. टाकीतलं पाणी अडवणारे आडवे पत्रे केव्हाच गंजून गळून पडले होते. टाकी अर्धी असली की पाणी आत पुढेमागे मोकाट धावायचं.

त्या दिवशी वरच्या गल्लीतला हौद तडकलेला निघाला. घरोघरची पिंपं, बादल्या, घमेली भरून झाली तरी अर्धी टाकी उरली.

"गटारात सोडून देतो," नाबोर म्हणाला.

नळी गुंडाळणारी त्याची बायको देल्फिना थांबली. "खालच्या गल्लीत सेनोबियाच्या घरी नऊ दिवस थेंब नाही. सोड खुशाल. तिला तोंड मात्र तूच दाखव."

नळी मागे अडकवून दोघं गाडीत बसली.

उतारावर त्याने ब्रेक दाबला. मागचं पाणी धावत येऊन टाकीच्या पुढच्या भिंतीवर आपटलं आणि गाडी पुढे ढकलली गेली. ब्रेक तापू नये म्हणून त्याने पाय उचलला, पाणी मागे गेलं. पुन्हा दाबला. धडक मोठी होती. तिसरी त्याहून मोठी. खाली वळणावर मंगळवारचा बाजार भरला होता. गुलाबी ताडपत्र्या, त्यांच्याखाली माणसं.

"हळू घे ना," देल्फिना म्हणाली.

"हळूच घेतोय."

"मग ढकलतंय कोण मागून?"

पाणी जायचं, यायचं, दर खेपेला तीन सेकंद. आणि त्याचा पाय नेमका त्याच तालावर दाबत-उचलत होता, झोपाळ्याला दर खेपेला वेळेवर हात लावावा तसा.

"मीच," तो म्हणाला.

त्याने ब्रेक अर्धा दाबला आणि पाय तिथेच रोखून धरला. पुढची धडक आली तेव्हा हनुवटी स्टिअरिंगवर आपटली. पाय उचलण्यासाठी शिवशिवत होता. जळका वास केबिनमध्ये भरला. ब्रेक आधी जाणार की पाणी आधी थकणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढची धडक जरा लहान होती. त्यापुढची आणखी लहान. देल्फिना पुटपुटत होती, प्रार्थना की शिव्या, कळेना.

पहिल्या ताडपत्रीपासून तीस पावलं वर चाक दगडी कठड्याला घासून गाडी थांबली.

नाबोर उतरला, मागे गेला आणि झडप उघडली. पाणी रस्त्यावरून धो-धो वाहू लागलं. बाजारातल्या बायका धावत आल्या.

"डोकं फिरलं का रे तुझं? बंद कर," एक ओरडली.

देल्फिना मध्ये उभी राहिली. "बादल्या आणा," ती म्हणाली. "टाकी रिकामी झाल्याशिवाय तो नाही बंद करायचा."