कागद पालथा घालणारे तायडे साहेब

तायडे साहेबांनी माझा कागद कधी वाचला नाही. पहिल्या भेटीतच तो पालथा घालून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. "बोला आता. काय झालं?"

मी अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. रेडिओसाठी अकोल्याच्या बातम्या देणारं कोणी हवं आहे असं कळलं, म्हणून नगरपालिकेच्या सभेवर चार पानं लिहून अमरावतीला त्यांच्या कचेरीत गेले होते. साहेब रेडिओचे वऱ्हाडातले वार्ताहर, लंडनला पत्रकारिता शिकून आलेले. त्यांच्यासाठी म्हणून मी भाषा चांगली भारदस्त वापरली होती. आता कागदावाचून दोन वाक्यं जुळेनात.

साहेब हसले. "भेऊ नका. माह्यं बी असंच झालं होतं. लंडनच्या मास्तरनं माहा अकरा पानांचा लेख असाच पालथा घातला. म्हने, तुह्या मायले सांगशील तसं सांग. माय माही चांदूर रेल्वेले लोकाइच्या वावरात निंदाले जाते. तिले सांगाले त्यातलं एक वाक्य कामी येईना!"

त्या दिवसापासून लंडनच्या खोलीत ते प्रत्येक बातमी आधी आईला सांगितल्यासारखी मोठ्यानं म्हणत आणि मग लिहीत. दोन वर्षांनी परतले ते अंगात सूट आणि तोंडात वऱ्हाडी घेऊन. अकोल्याचं काम त्यांनी मला दिलं. मी बातमी सांगितली की त्यांचा एकच प्रश्न असे, "तुमी सोता पायलं काय?"

एका श्रावणात सकाळीच अकोल्यात हाकाटी झाली, की दर्यापूरच्या वाटेवर उतारूंची मोटार पुरात वाहून गेली, एकही माणूस वाचला नाही. मोटार स्टँडवर बायका ऊर बडवत होत्या. मी साहेबांना ट्रंक कॉल लावला.

"कोन म्हन्ते?"

"सगळेच म्हणताहेत."

"सगळे म्हनजे कोनीच नाही. मी येतो."

दुपारच्या गाडीनं ते उतरले. स्टेशनमास्तरांच्या खोलीत नागपूरच्या वरिष्ठांचा फोन माझ्यासमोरच आला. बातमी गावभर झाली, तुमचीच काहून नाही, असं ते रागानं विचारत होते. साहेब शांतपणे म्हणाले, "उशीर झाला तर मले शिव्या द्या. खोटी गेली, तर त्या मायांइले काय सांगाल?"

गावाबाहेर पुढे रस्ता उरलाच नव्हता. एका शेतकऱ्याच्या बैलबंडीतून चिखल तुडवत आम्ही पूर आलेल्या नाल्याजवळच्या गावी पोचलो. मोटार खरंच वाहून गेली होती. पण पाणी चढताना पाहून ड्रायव्हरनं आधीच सगळ्यांना उतरवलं होतं. त्याला स्वतःला गावकऱ्यांनी दोर टाकून ओढून काढलं होतं. उतारू शाळेत बसून चून-भाकर खात होते. साहेबांनी एकेकाजवळ जाऊन नाव, गाव लिहून घेतलं. सत्तावीस भरले.

परत येऊन त्यांनी नागपूरला फोनवर सगळी नावं सांगितली आणि बजावलं, "एक बी गाळू नका."

रात्रीच्या बातम्यांना स्टँडसमोरच्या हॉटेलात रेडिओ लागला. नावं सुरू झाली तशी गर्दी रेडिओकडे सरकली. चौदाव्या नावाला एक म्हातारी मटकन खाली बसली आणि हसू लागली. साहेब मागे उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुष्कळ वेळ घातलाच नाही.

पुढे त्यांची दिल्लीला, नव्या वार्ताहरांना शिकवायला बदली झाली आणि अमरावतीची जागा माझ्याकडे आली. बडनेरा स्टेशनवर निरोप देताना मी विचारलं, "लंडनला राहा म्हणत होते ना तुम्हाला?"

"म्हनत होते. पन तिथचं सांगाले तिथचे लोक हायेत, बाई. चांदूरचं कोन सांगन?"

गाडी गेली. मी टांग्यात बसले. टांगेवाला मागे वळून सांगू लागला, "बाई, आयकलं काय? कापसाचं जिन जळून राहिलं. शंभर गाठी गेल्या म्हन्तात. घरी घेऊ ना?"

"नाही," मी म्हटलं, "जिनाकडे घ्या."