मागच्या गाडीतली कार्बाइन

माझ्या धाकट्या भावाला पोलीस संरक्षण मिळालं तेव्हा गावात फटाके वाजले. मला त्याचं कारण कळेना. माणसाच्या जिवावर कुणी उठलंय म्हणून सरकारनं बंदूकवाला दिला, यात आनंद कसला?

मी दिघीत राहते. भाऊ चाकणजवळ आमच्या मूळ गावी. वडिलांच्या शेताला कंपन्यांच्या भिंती लागल्या तसा तो पुढारी झाला. सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली माझं नाव होतं. आमच्याकडे बहिणी साडीचोळी घेऊन भावाला हक्कसोड करून देतात. मी दिली नव्हती. नवरा गेल्यावर तेवढंच माझं उरलं होतं, आणि तसं तोंडावर सांगायला मी लाजत नव्हते.

एका दुपारी भाऊ बंदूकवाल्याला घेऊन माझ्या दारात आला.

"आक्के, तुझं नाव हाय तवर जमिनीचा व्यवहार अडकून राहणार. आन् इसार देऊन बसलेली माणसं थांबायची न्हाईत."

"म्हंजे काय करतील?"

"काय करतील? उडवतील मला. हा पोलीस काय हौसंनं दिलाय व्हय?"

एवढं बोलून तो फोन घेऊन गल्लीत गेला. पोलीस उंबऱ्याशी बसला. पोरगा लातूरकडचा, बोलका. मी चहा दिला. त्याच्या मांडीवर हातभर काळी बंदूक होती. दांडा दुमडलेला.

"एवढीशी का दिली रे तुला? मोठी शिल्लक नव्हती?"

तो हसला. "मावशी, हीच बरी. ही कार्बाइन. हिच्यात पिस्तुलाचीच गोळी लागते. पण पिस्तूल नुसत्या हातावर धरायचं, गडबडीत हात हलतोच. हिचा दांडा उघडला की खांद्याचा टेका मिळतो, नेम बसतो. धक्का कमी. मोठी रायफल गाडीत वळत नाही, दारात अडकते. आन् रायफलीची गोळी एकाला लागून मागच्या दोघांना जायची. गर्दीत तसं करून चालतं का?"

मला पटलं. फावड्यानं मेथी खुरपत नाहीत, खुरपंच लागतं.

"लांबवर नाही का मारत?"

"लांबचं काम नाहीच हिचं. साहेबांच्या हाताशी बसायचं. मी दूर असलो तर ही असून नसून सारखी."

अगदी हाताशी माणूस ठेवावा लागतो, म्हणजे मारणारा तेवढ्या जवळ येणार. तोंडानं कितीही फटकळ असले तरी भावाला मी कडेवर खेळवलेलं. तो परत आल्यावर मी म्हणाले, "कधी जायचं सही करायला?"

खेडला रजिस्ट्रारकडे निघालो तेव्हा पोलीस आमच्याच गाडीत, ड्रायव्हरशेजारी. भाऊ काचा लावून बसला होता. मोटारसायकल जवळून गेली की मीच दचकत होते. सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. भावजयीनं पाठवलेली साडी भावानं माझ्या हातात ठेवली.

परतताना भावाच्या कार्यकर्त्या पोरांची जीप आमच्या मागे येऊन उभी होती. पोलीस आमच्या गाडीकडे आला. भाऊ म्हणाला, "तू मागच्या जीपमधी जा. उभा राहा. बंदूक दिसू दे, पोरं व्हिडिओ काढत्यात."

"साहेब, मी तुमच्याजवळ..."

"जा रे. बाजारातनं जायचंय."

जीपला टप नव्हता. बाजारात भाऊ काच खाली करून नमस्कार घेत होता. पुढे एका हॉटेलाशी थांबून एकटाच गर्दीत शिरला, कुणाच्या गळ्यात हात टाकले, मिसळ सांगून गाडीत परत आला. पोलीस पार मागे, पोरांच्या मोबाइलसमोर.

मी म्हणाले, "त्याला बोलव जवळ. तिथनं ती बंदूक काय कामाची?"

"राहू दे गं."

"अरे, कुणी मारलं तर?"

तो खो खो हसला. "आक्के, मला कोण मारतंय?"

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. तो माझ्याकडे बघेना. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

"नुसती सही मागितली असती तर दिली असती का तू?" तो हळूच म्हणाला.

"नसती दिली."

"मग?"

हे 'मग' मला त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. माझ्या 'नाही'ला त्यानं नाही म्हणून मोजलंच नव्हतं. वाटेतला दगड बाजूला करावा तसा तो मला बाजूला करून गेला होता. त्यासाठी त्यानं स्वतःचं मरण माझ्यापुढे मांडलं.

साडी सीटवर ठेवून मी उतरले आणि बसथांब्याकडे निघाले. त्यानं पोलिसाला माझ्या मागे धाडलं.

"मावशी, साहेब बोलावतात. एवढ्या उन्हात कुठं चालला?"

"त्याला सांग, मी आले होते ते त्याचा जीव वाचवायला. तो ठणठणीत आहे. माझं काम संपलं."

बस आली. मी चढले.

वकिलाला विचारलं. तो म्हणाला, सही तुमचीच आहे, कोर्टात वर्षं जातील. माझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत. भाऊबीजेला भाऊ दार वाजवून गेला, असं शेजारणीनं नंतर सांगितलं. मी घरातच होते. कडी काढली नाही.